माझ्या नावावरचं सिम

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. रिटायर झाल्यावर माणसाने रोज चार ओळी लिहाव्यात, हात आखडत नाही. ही वही फक्त माझ्यासाठी. बायकोला, म्हणजे उज्वलाला, दाखवायची नाही.

आमची वरची खोली भाड्याने गेली. मियुकी नावाची जपानी मुलगी, तिशीची असेल. कॉलेज रोडला एका क्लासमध्ये जपानी शिकवते. आपली पोरं हल्ली जपानला नोकरीला जातात ना, त्यांचा क्लास. बिचारीचे हाल आहेत. इकडचा मोबाइल नंबर नाही, म्हणून बँकेत खातं नाही, रिक्षा बोलावता येत नाही, भाजीवालीला स्कॅन करता येत नाही. क्लासवाले म्हणतात कागदपत्रं चालू आहेत, पंधरा दिवस लागतील.

पंधरा दिवस! मी म्हणालो, मिस मियुकी, आय ॲम हिअर. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कागदच हलवलेत. उद्या दुपारपर्यंत सिम तुमच्या हातात.

उज्वला म्हणाली, क्लासवाल्यांचं काम क्लासवाल्यांना करू द्या. तुम्ही आधी पुढे पुढे करता आणि मग घाबरता.

मी आयुष्यात कुणाच्या बापाला घाबरलेलो नाही. नोंद असावी.

४ नोव्हेंबर, मंगळवार
कोपऱ्यावरच्या राजच्या मोबाइल शॉपीत गेलो. राज म्हणाला, काका, फॉरेनर असला की पासपोर्ट, व्हिसा, फोटो, आणि इथल्या ओळखीच्या माणसाची सही. सही तुम्हीच करा, तुम्ही घरमालक.

फॉर्म वाचला. छापील मजकूर : ‘मी सदर व्यक्तीस व्यक्तिशः ओळखतो.’ खाली सही.

पेन हातातच राहिलं. चौतीस वर्षांत मी जबाबदारीची एकही सही केलेली नाही. ‘माहितीस्तव सादर’ लिहायचं आणि फाइल वर ढकलायची. म्हणून तर डाग न लागता रिटायर झालो. आणि इथे एकदम ‘व्यक्तिशः ओळखतो’? चार दिवसांत कोण कुणाला ओळखतं? उज्वलाला सदतीस वर्षं झाली, तिच्याबद्दलही मी असं लेखी देणार नाही.

मग एकदम सुचलं. राजला म्हटलं, हा फॉर्म ठेव बाजूला, सिम माझ्याच नावावर दे. तो म्हणाला, काका, वापरणार कोण? म्हटलं, घरातच. आधार दाखवलं, अंगठा टेकवला, कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावले. पाच मिनिटांत सिम. आणि सही कुठेच नाही!

याला म्हणतात अनुभव. उज्वलाला तपशील सांगितला नाही. प्रशासकीय बाबी तिला कळत नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार
मियुकीला सिम दिलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि कमरेतून वाकली. मीही वाकलो. जरा जास्त वाकलो, कंबर धरली. तिने विचारलं, कुणाच्या नावावर आहे? म्हटलं, इंडियन फॅमिली सिस्टिम, डोन्ट वरी. मला काका म्हण. तिने तीनदा म्हणून बघितलं. उज्वलाला ती काकू म्हणते आणि तिच्याकडून मराठी शिकते. मला वाटतं मी आता तिचा इथला पालकच आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
विंचूरला मेव्हण्याला फोन केला. गोटीराम कांद्याचं बोलत होता, मी सहज सिमचं बोलून गेलो. अर्थात ‘माझा एक मित्र आहे, त्याने’ असं सांगून. गोटीराम म्हणाला, दाजी, त्या मित्राला म्हणा लय येडा हाय तू. सिम ज्याच्या नावावर, धरत्यात त्याला. आमच्या इकडच्या एकाने भाच्याला सिम दिलं, भाच्याने काय उद्योग केले देवाला ठाऊक, आता मामा कोर्टात चकरा मारतोय. मित्राला म्हणा झोपू नको.

रात्री अर्धीच भाकरी गेली. पित्त.

९ नोव्हेंबर, रविवार
पहाटे साडेपाच. टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर गेलो होतो. (टाकी भरलेली होती. तरी बघावी.) मियुकीच्या खोलीत दिवा. ती फोनवर बोलतेय. माझ्या सिमवर! दर दोन वाक्यांना हाय, हाय म्हणते, गोटीरामसारखी. बाकी एक अक्षर कळलं नाही. आणि कळत नाही हाच तर मुद्दा आहे. काय बोलत असेल एवढं?

खाली आल्यावर उज्वला म्हणाली, आईशी बोलते ती. तिकडे आत्ता नऊ वाजलेत. आणि तुम्ही स्वेटर न घालता गच्चीवर काय करत होता, दात वाजतायत.

दात थंडीने वाजत होते. दक्षता वेगळी आणि भीती वेगळी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
निर्णय घेतला. सिम आज परत घ्यायचं. गोड बोलून, पण ठाम. वाक्य पाठ केलं : मिस मियुकी, ड्यू टू अनअव्हॉइडेबल अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रीझन्स.

सकाळी ११.३०. वर जाऊन आलो. तिने हिरवा चहा दिला. कडू होता, दोन कप प्यालो. म्हणाली, काका, तुमच्यामुळे बँकेत खातं उघडलं. तुमच्यामुळे रोज आईशी बोलते. आईने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. मी म्हणालो, मेन्शन नॉट. आणि गॅसच्या कनेक्शनचंही मी बघतो असं सांगून खाली आलो.

म्हणजे बँकेत खातंसुद्धा माझ्याच नंबरवर. अरे देवा.

आज वेळ योग्य नव्हती. शुक्रवारी घेतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दुपारी गल्लीत पोलीस. मोटरसायकलवरून आला, हातात कागद, घरांचे नंबर बघत बघत आमच्याच दिशेने. मला अचानक आंघोळीची आठवण झाली. सकाळी केलेली होती, पण घाम फार आला होता. पाऊण तास बाथरूममध्ये होतो. गार पाणी. गिझर लावला असता तर आवाज झाला असता.

बाहेर आल्यावर कळलं, समोरच्या कोंडाजीरावांच्या नातीच्या पासपोर्टची चौकशी होती. पोलिसाने आमच्याकडे पाणी मागितलं, उज्वलाने दिलं, मियुकीने त्याला मराठीत नमस्कार केला, तोही खूश झाला.

हे लोक एकमेकांना सामील नाहीत असं धरून चालू. सध्या.

सिम घ्यायचं राहिलं. सोमवारी नक्की.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सर्दी. दोन आंघोळींमुळे. सिमचं उद्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी १०.५०. मला अटक झाली.

११.१०. सविस्तर लिहितो. व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दी, खांद्यावर स्टार, मागे झेंडा. हिंदीत म्हणाले, तुमच्या आधारवर एक सिम निघालंय, ते दुसरंच कुणीतरी वापरतंय, मोठा गुन्हा घडलाय. हे मी उज्वलालासुद्धा सांगितलेलं नाही! म्हणजे साहेब खरेच. आता मी डिजिटल अटकेत आहे. म्हणजे आपल्याच घरात, मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी, मोबाइल समोर ठेवून बसायचं. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. हे लिहितोय ते साहेबांना वाटतंय मी त्यांच्या सूचना उतरवून घेतोय. शाबास म्हणाले.

११.४५. लघवीला जाण्याची परवानगी मागितली. मंजूर. फोन सोबत नेण्याच्या अटीवर.

१२.१५. उज्वलाने दार वाजवलं, जेवायला चला. मी ध्यानाला बसलोय असं सांगितलं. म्हणाली, ऑफिसात चौतीस वर्षं बसलात तेवढं पुरलं नाही का? गेली. मला रडू येत होतं, पण ते सर्दीमुळे.

१२.४०. साहेबांनी विचारलं, सिम कोण वापरतंय? जेल की जबाब, बोला. मी जबाब दिला. साहेब, वरच्या खोलीत एक परदेशी बाई आहे. मी तिला ओळखत नाही. फसवी बाई आहे, गोड बोलून माझ्याकडून सिम काढून घेतलं. तिला घेऊन जा, मला सोडा. तीनदा सांगितलं. आवाज मोठा झाला असावा. रेंज कमी होती.

१.०५. साहेब म्हणतात, आता तुमची फिक्स मोडून सगळे पैसे तपासणीच्या खात्यावर टाका. निर्दोष निघालात तर संध्याकाळी परत. रिटायरमेंटची सगळी फिक्स तीच आहे, दुसरं काही नाही. पण जेलमध्ये फिक्सचा काय उपयोग? बँकेचं ॲप उघडलंय. चष्म्याची काच धुरकट झालीय, आकडे दिसत नाहीत.

संध्याकाळी ६. घडलं ते असं.

सव्वा वाजता दार उघडलं. मियुकी. मागे उज्वला. मियुकी सरळ मोबाइलसमोर आली, साहेबांना वाकून नमस्कार केला आणि मराठीत म्हणाली, साहेब, मी मियुकी. सिम मी वापरते. काका चांगले आहेत. काकांना सोडा, मला पकडा. कोणतं पोलीस स्टेशन? पत्ता सांगा, मी रिक्षाने येते.

साहेब म्हणाले, मॅडम, आपको आने की जरूरत नहीं. ती म्हणाली, नाही साहेब, मी येणार. पासपोर्ट उघडून कॅमेऱ्यासमोर धरला. पत्ता? साहेब ओरडले. ती पुन्हा वाकली. पत्ता सांगा साहेब. चौथ्यांदा पत्ता विचारला आणि फोन कट. तिनेच उलट दोनदा लावून बघितला. नंबर बंद.

उज्वला म्हणाली, अहो भामटे होते ते! पेपरात रोज छापून येतं, रोज मोठ्याने वाचून दाखवता ना तुम्ही? मी म्हणालो, मला पहिल्यापासून संशय होताच, मी त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवलं होतं. उज्वलाने मोबाइल उचलून बघितला. फक्त पिन टाकायचा राहिला होता. ती तिथेच कोठीला टेकून खाली बसली. एवढी पांढरी पडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

मियुकीच्या पायाशी पिशवी होती. टॉवेल, दोन कपडे, ब्रश. तिला ते भामटे आहेत हे माहीतच नव्हतं. ती खरंच जेलमध्ये जायला निघाली होती. माझ्याऐवजी.

लाज वाटली. लिहिलंय तर आता खोडत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मियुकी म्हणाली, साहेब खोटे होते, मग खऱ्या साहेबांना सांगू. तिघं पोलीस स्टेशनला गेलो, त्या दोघी रिक्षाने, मी स्कूटरवर. मी स्कूटर राखत बाहेर थांबलो, तिथल्या पार्किंगचा काही भरवसा नाही. दहा मिनिटांनी आतून बोलावणं आलं. पायऱ्या सात होत्या, पण फार उंच.

दीपमाला मॅडम म्हणून होत्या, वय माझ्या मुलीएवढं. त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, काका, रोज असे तीन-चार येतात. परवा एक प्रोफेसर होते. पैसे गेले नाहीत ना, मग नशीबवान आहात. तक्रार लिहून घेतली. सिमबद्दल म्हणाल्या, ते आजच बंद करा आणि मॅडमना त्यांच्या नावावर रीतसर घेऊन द्या. असं कुणाला देत जाऊ नका. बस, एवढंच. बेड्या वगैरे काही नाही. अकरा दिवस ज्यासाठी जेवण गेलं नाही, ते तीन मिनिटांत आटोपलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
पुन्हा राजच्या दुकानात, या वेळी तिघं. पुन्हा तोच फॉर्म. राजने पेन पुढे केलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी चष्मा शोधला. खिशात होता, तरी शोधला. तोवर उज्वलाने सही करून टाकली. पेन तिला मीच दिलं. सहकार्याची नोंद असावी.

२३ नोव्हेंबर, रविवार
मियुकी खाली आली होती, काकूंकडून थालीपीठ शिकायला. मी लसूण सोलत बसलो होतो. त्या दिवसाबद्दल ती एक अक्षर बोललेली नाही. मागच्या खोलीच्या दाराशी ती नेमकी कधी आली हे मीही विचारलं नाही. बहुधा शेवटी शेवटीच आली असावी, असं मी मनाशी ठरवलं होतं.

तिने थालीपीठ उलटलं आणि म्हणाली, काका, फसवी म्हणजे काय?

उज्वलाने गॅस बारीक केला. मला चार-पाच चांगले अर्थ सुचले. पण म्हणालो एवढंच, मियुकी, मी फार घाबरलो होतो ग.

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळही नाही. वाटलं, आता काहीतरी होईल.

ती म्हणाली, हो काका, ते सगळ्यांना माहीत आहे. पण फसवी म्हणजे काय?

मग उज्वलाने सांगितलं. नीट, शाळेत सांगतात तसं. फसवी म्हणजे विश्वासाने जवळ आलेल्या माणसाला दगा देणारी. पुरुष असला तर फसवा. आणि वाक्यात उपयोग करून दाखवला : मंगळवारी काका फसवे निघाले.

मियुकीने ते वाक्य दोनदा म्हटलं, सावकाश. मग माझ्याकडे वळून विचारलं, काका, बरोबर आहे का?

मी म्हणालो, अगदी बरोबर आहे.