मढच्या रस्त्याची शाळा

अण्णा, तुमच्या लेकीनं आपल्या लेकीला घरात कुणालाच न पटलेल्या शाळेत घातलंय. तुम्ही असता तर पहिला विरोध तुमचाच झाला असता, म्हणून तुम्हालाच सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात घालवलेला माणूस तुम्ही. मढला तर नऊ वर्षं काढलीत. त्याच रस्त्याला, भातखाचरांच्या कडेला पत्र्याची एक लांब खोली आहे. नवरा-बायको दोघं मिळून तिथं शाळा चालवतात. एकोणीस मुलं. गणवेश नाही, घंटा नाही, पाचवीपर्यंत परीक्षा नाही.

पोरगी आठ वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, माझ्या लग्नाआधीच तुम्ही गेलात. आळेफाट्याच्या इंग्रजी शाळेत ती दुसरीला होती. दिवाळीनंतर तिच्या डाव्या डोळ्याच्या पापण्या विरळ दिसायला लागल्या. मला वाटलं, काही चावलं असेल. मग एकदा वही पुढ्यात घेऊन बसली असताना पाहिलं. चिमटीत एकेक केस धरून ती उपटत होती. चेहऱ्यावर काही नाही, दुखल्याचंसुद्धा नाही. मी तिच्या हातावर फटका मारला आणि ओरडले, 'हात खाली!' अण्णा, तो आवाज तुमचा होता.

मी तिसरीत तुमच्याच वर्गात होते. आई धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. शाळेत तुम्हाला गुरुजी म्हणायचं, ही ताकीद होती. त्या दिवशी सतराच्या पाढ्याला अडले आणि घाबरून तोंडातून 'अण्णा' निघालं. तुम्ही खडू टेबलावर ठेवलात. 'इथं तुझं कुणी अण्णा नाही. उभी राहा.' मी उभी राहिले. मधली सुट्टी झाली, मुलं खेळून परत आली, तुम्ही बस म्हणाला नाहीत. लघवीला जाऊ का, हे विचारायचा धीर झाला नाही. सगळ्या वर्गासमोर माझा परकर ओला झाला. संध्याकाळी घरामागच्या विहिरीवर तुम्ही स्वतः तो धुतलात. दोनदा साबण लावलात, पिळलात, झटकून दोरीवर टाकलात. मी उंबऱ्यात बसून वाट बघत होते, आता तुम्ही काहीतरी म्हणाल. तुम्ही हात पुसून भाकरी थापायला बसलात. त्यानंतर मी पाढ्याला कधी अडले नाही. गुरुजींची पोरगी हुशार निघाली, असं लोक म्हणायचे. पण आजही कुणी आवाज चढवून काही विचारलं की मी आधी दार कुठं आहे ते बघते.

नारायणगावच्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि म्हणाले, हिला औषध नको, हिनं शाळेची धास्ती घेतलीय, शाळेचं बघा. दवाखान्यातच शेजारी बसलेल्या एका बाईनं या शाळेचं सांगितलं. मी एकटीच जाऊन आले. शाळेच्या बाई अंगणात मुलांबरोबर शेंगा फोडत होत्या. मला बसायला पाट दिला आणि म्हणाल्या, 'ताई, आधीच सांगते. आम्ही दोघंच आहोत. पुढं ही शाळा राहीलच, असं नाही. आणि पाचवीनंतर हिला मोठ्या शाळेत जावंच लागेल, तिथं सुरुवातीला जड जाईल.' इतकं खरं मला कुठल्याच शाळेच्या ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं.

घरात मात्र महिनाभर तोच विषय. जावई तुमचे चाकणला कंपनीत आहेत, तिथंच खोली करून राहतात, आठवड्याच्या सुट्टीला येतात. 'पोरगी हाय आपली, परयोग करायची वस्तू न्हाई,' ते म्हणाले. 'दहावीला गचकली तर कोन जबाबदार?' सासूबाई गहू निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, 'डरेस न्हाई, टाय न्हाई, शाळा कसली ती? पोरगी ढ निघाली म्हनून काढली, आसं म्हनतील लोकं.' मी एवढंच म्हणाले, तुम्ही एकदा येऊन बघा.

हे पोरीला घेऊन माझ्याबरोबर आले. तिथं एक मोठी मुलगी सायकलची पडलेली चेन बसवत होती. आमची पोरगी कुणी न सांगता तिच्याशेजारी बसली आणि चाक फिरवायला लागली. दोन्ही हात काळे. तासभर तिचा हात डोळ्याकडं गेला नाही. हे दारात उभं राहून बघत होते, मीही ह्यांच्याकडं बघत होते. परत येताना ओतूरला चहा प्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, 'एक वर्ष बघू. पन हे तुझं खूळ हाय, उद्या मला बोलायचं न्हाई.' मी बरं म्हणाले. आमच्या दोघांची पोरगी एका चहात माझ्या एकटीची झाली.

जूनपासून पिंपरी पेंढारहून रोज स्कूटीवर तिला नेते. पापण्या आल्यात, आखूड आहेत, पण आल्यात. वाचन अजून अडखळतच आहे. सतराचा पाढा येत नाही. जुन्या शाळेच्या पिवळ्या बसच्या थांब्यावर ज्या बायका भेटायच्या त्या आता लांबून हसतात. मुलांच्या अभ्यासाचंच बोलणं असायचं आमचं, आता माझ्याशी काय बोलायचं हे त्यांना कळत नसेल.

तुम्हाला त्या दिवशी वाईट वाटलं होतं का, एवढंच विचारायचं होतं. विहिरीवर तुमची पाठ माझ्याकडं होती. हा कागद कुठल्याच पेटीत टाकता येणार नाही, हे मला कळतंय. घडी करून पर्समध्ये ठेवीन.

घरी सांगितलंय, रोज दोन खेपा परवडत नाहीत, म्हणून शाळा सुटेपर्यंत तिथंच थांबते. ते खरं आहे, पण सगळं नाही. दुपारी डबे उघडले की बाई मला हाक मारतात, 'ताई, या, बसा आमच्यात.' दिवसभरात माझ्याशी कुणी बोलतं ते तेवढंच. वर्ष झालं की हे विचारतील, पोरीला जमतंय का. मी हो म्हणेन. जमत नसलं तरी कदाचित हो म्हणेन, अण्णा, आणि मला त्याचीच भीती वाटते.