माझ्या कपाटातली बाटली

३ सप्टेंबर

आजही लाल! चौथी वेळ. द्रावण लाल म्हणजे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे नुसते गोळे. हिरवट यायला हवं. हिरवट म्हणजे त्रिकोण – डोळ्यांना न दिसणारे, पण माझं अख्खं नाव ज्यांच्यावर उभं आहे ते.

दुसऱ्या एका प्रयोगशाळेने पत्र पाठवलं होतं, 'तुमची कृती आमच्याकडे होत नाही.' मी हसले. म्हटलं, निवृत्तीला महिना उरलाय, जाता जाता स्वतः करून दाखवते. चांगलीच जिरली!

५ सप्टेंबर

लाल.

६ सप्टेंबर

दारात कोणी नव्हतं. तरी स्पष्ट ऐकलं – "मॅडम, आजही लाल." अर्धी आत, अर्धी बाहेर उभी राहून बोलायची ती. चिमणी. माझी पहिली पीएचडीची विद्यार्थिनी. एवढीशी होती म्हणून सगळे चिमणी म्हणायचे. दीड वर्ष रोज तिचं लाल येत होतं, आणि दीड वर्ष मी तिला एकच सांगितलं – हात स्वच्छ नाही तुझा.

बिचारी सगळी काच तीन-तीनदा अम्लराजात, सोनंही विरघळवणाऱ्या आम्लात, धुवायची. बोटांची टोकं पिवळी पडली होती तिच्या. मी वर म्हणायचे, "नुसतं धुऊन काय होतंय? मुळात हातात असावं लागतं."

बावीस वर्षांत तिची आठवण काढली नव्हती. खोटं कशाला लिहू? येऊ दिली नव्हती.

९ सप्टेंबर

खोली रिकामी करतेय. लोखंडी कपाटात, जुन्या फायलींच्या मागे, माझी बाटली! त्रिकोण घडवताना सोन्याभोवती बसते ती पांढरी साबणासारखी पावडर. पहिल्यांदा जमलं ते हिच्यातूनच. मग मी ही कुलपातच ठेवली, कोणाला हात लावू दिला नाही. शकुनाची म्हणा हवं तर! विद्यार्थ्यांनी स्टोअरमधून नवी आणायची, हा माझा नियम. कंपनी तीच, लेबल तेच, मग फरक काय पडणार?

तळाशी तीन-चार चमचे उरलेत.

१० सप्टेंबर

हिरवं.

स्टुलावर बसूनच राहिले. एरवी आनंदाने ओरडले असते. आज दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून लेबलं ताडून पाहिली.

१२ सप्टेंबर

दोन्ही पावडरी तपासून आणल्या. नवी स्वच्छ. माझ्या बाटलीत आयोडीन, अगदी नखभर. कारखान्यात कुठेतरी मिसळलेली घाण. त्रिकोण तिनेच घडवले! मी नाही, माझ्या कृतीने नाही. आणि 'अस्वच्छ' कोण, तर चिमणी.

१३ सप्टेंबर

डोक्यातून जात नाही तो दिवस. सगळ्या विभागाला बोलावलं होतं मी. एका टेबलावर ती, शेजारी मी. कृती एक, पाणी एक, सोनं एक. पावडर मात्र तिची तिच्या बाटलीतली, माझी माझ्या. संध्याकाळी तिचं लाल, माझं हिरवं. "बघा! माझ्या हातून होतंय की!" लोक हसले. मीही हसले.

ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, तुमच्या बाटलीतलं चमचाभर द्याल?"

एक चमचा! एवढंच मागितलं होतं तिने. मी म्हटलं, "आता बाटलीला नावं ठेव!" पुढच्या आठवड्यात ती सोडून गेली. मी अडवलं नाही. सुटलो एकदाचे, असंही म्हणाले होते बहुतेक. बहुतेक कसलं – म्हणालेच होते.

१५ सप्टेंबर

नवऱ्याला सांगितलं. "आता कशाला उकरून काढतेस? पंधरा दिवसांवर सत्कार आहे तुझा," म्हणाला. मग बराच वेळ चष्मा पुसत बसला. "तिला माहीत आहे का?" त्याने विचारलं.

कानात तेच चाललंय – मॅडम, आजही लाल. नळ सोडला तरी. जेवतानाही.

१८ सप्टेंबर

माझी कृती ज्यात छापून आली होती त्या मासिकाला पत्र गेलं. सगळं लिहिलं, बाटलीसकट, त्या दिवसासकट. पाठवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. कसलं काय!

खरं पत्र तिला जायला हवं. रागावलेली असेल, शिव्या घालेल. घालू दे. घातल्या तर बरंच.

२० सप्टेंबर

स्टोअरवाल्या काकांनी नंबर मिळवून दिला. अजून संपर्कात आहेत ते. "तिचं कपड्यांचं दुकान आहे. चांगलं चाललंय," म्हणाले. वर विचारलं, "तुम्ही करताय फोन? तुम्ही?"

दोनदा नंबर लावला, वाजायच्या आत तोडला. भित्री म्हातारी!

२१ सप्टेंबर

केला. तिनेच उचलला. शिव्या नाहीत, काही नाही. आवाज ओळखून घाईघाईने म्हणाली, "मॅडम, माझं काय चुकत होतं ते सापडलं का हो?"

मी सांगितलं. सगळं. तुझा हात स्वच्छ होता, म्हटलं.

ती म्हणाली, "थांबा, मुलीला देते. हे तिला सांगाल? केमिस्ट्रीच घ्यायची म्हणून हट्ट धरून बसली होती, मी घेऊ दिली नाही. म्हटलं, आपल्या घरात कुणाला हात नाही."