काळी तुला, बरड मला

प्रिय सपना,

पाकीट पाहून तुला हसू येईल. फोन का नाही केला, म्हणशील. तू फोन उचललास की स्पीकर लावतेस आणि अख्खं पुणं ऐकतं. इकडे मी बाबांकडे आले असताना बोलायला लागले की ते बाजूला येऊन बसतात, 'काय सांगून राह्यली तिले?' म्हणून. त्यांच्यासमोर हे बोलता येत नाही. तेव्हा एका दमात वाच, आणि 'ताईचं नेहमीचंच' म्हणून बाजूला ठेवू नकोस बाई.

नवतपा सुरू आहे, नऊ दिवस नुसती आग. आंजीत दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. तुझे भाऊजी दुकानाचं शटर अर्धं पाडून आत घोरतात. तुझ्या इथल्या घराच्या अंगणातला कढीपत्ता मात्र खिडकीच्या वर गेलाय, मोगऱ्याने तर कहर केलाय. मी दरवर्षी मोगरा लावते, तो दरवर्षी वाळतो. माझी जमीन बरडच ती, नुसता मुरूम. पाणी टाकलं की गडप.

वाटणीच्या वेळी बाबांनी आपल्या दोघींना शेतात नेलं होतं, ते तुला आठवत असेल. त्यांनी शेताच्या कडेची, धुऱ्याजवळची ओली माती मुठीत दाबली, तिचा लाडू झाला, तो तुझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, 'अशी काळी सोनं देऊन भेटत नाई.' मला टेकडीकडची बरड दाखवली ती नुसती बोटानं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला किती झोंबलं ते तुला माहीत आहे. काकांच्या प्रफुलच्या लग्नात मी चार लोकांत बोलूनही दाखवलं होतं. पुढे तू त्याच काळीत घर बांधलंस, आणि तुम्ही पुण्याहून परत येईपर्यंत बाबा राखणीला म्हणून तिथे राहायला गेले. आई गेल्यावर त्यांनाही जुन्या घरात करमत नव्हतं.

बांधताना आपण काय काय विचारलं गं? दिशा विचारली, मुहूर्त विचारला, देवघर कुठे ते विचारलं. माती कुणी विचारली नाही. ज्या जमिनीत कपाशी छातीला लागते तिला काय विचारायचं! तिथली विहीर खणताना मुरूम दोन पुरुष खाली लागला होता, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ. तरी पाया कमरेइतका खणला आणि काळीतच भरून मोकळे झालो. मीही तिथेच पेढे वाटत होते. शेतकऱ्याची जात आपली. पिकाला चांगली ती घरालाही चांगलीच, असं धरून चाललो.

तुला मी 'बारीक भेगा आहेत' एवढंच सांगत आले. त्या बारीक नाहीत. गेल्या पावसाळ्यात माती फुगली तशा फरशा उचलल्या आणि पुढचं दार चौकटीत गच्च बसलं. संडासाचा शोषखड्डा तुडुंब भरला. काळी एकदा भिजली की थेंब आत घेत नाही, मग सगळं उलटं वर यायला लागलं. मग बाबा संडासला छत्री घेऊन धुऱ्यावर जायचे. तिथेच घसरून त्यांचं मनगट मोडलं. तुला त्यांनी गोठ्यात पडलो म्हणून सांगितलं, आणि मलाही दम दिला. आता उन्हाने माती आटली, तर मागच्या खोलीची भिंत खिडकीपासून खालपर्यंत फाटली आहे. माझा पंजा आत जातो. बाबा एका हातानं सिमेंट कालवून ती लिंपतात, आठ दिवसांत ती पुन्हा उघडते. तुझा व्हिडिओ कॉल आला की ते पुढच्या खोलीतच बसतात, लक्षात आलं का तुझ्या?

मी वर्ध्याहून एक इंजिनिअर आणला. त्याने भिंतीला लागून खड्डा करायला लावला, आत उतरून पाहिलं. म्हणाला, घराखालची माती दरवर्षी फुगते आणि बसते, पाया मुरमापर्यंत गेलेलाच नाही. दुरुस्तीचं नंतर बघू, पण ही भिंत येता पावसाळा काढायची नाही, या खोलीत कुणी झोपू नका. बाबांची खाट त्याच खोलीत आहे. तिथून शेत दिसतं म्हणे. मृग आठवड्यावर आलाय गं.

माझ्याकडे चला म्हणून मी हात जोडले, रडले, भांडलेसुद्धा. म्हणतात, 'लेकीच्या घरी राहात नसतात.' मी म्हटलं, अन् सपना काय तुमचा लेक आहे का? तेव्हा खाली पाहत म्हणाले, 'तुले म्या बरड देल्ली पोरी. आता त्याच बरडीवर कोन्या तोंडानं येऊन राहू?' सपना, माझ्या घराला इतक्या वर्षांत एक चीर नाही. त्यांना ते दिसतं, आणि म्हणूनच ते येत नाहीत.

यासाठीच लिहायला बसले. मी बोलावलं की त्यांना ते उपकार वाटतात. तू सांग. भिंतीचं नाव काढू नकोस, मातीला तर चुकूनही वाईट म्हणू नकोस. घराला रंग द्यायचा आहे, पावसाळाभर ताईकडे राहा, असं काहीही सांग. ते तुझंच ऐकतात. लहानपणापासून मी याच गोष्टीवर जळत आले, पण आज तेवढंच एक माझ्या कामाचं आहे. पत्र वाचून झालं की त्यांना फोन कर, आणि माझे बाबा माझ्याकडे पाठव.

तुझीच,
मंजूताई