एक पाहिली, एक ऐकली

आई, मी एका पोलिसाविरुद्ध तक्रार केली. तू असतीस तर पोळपाटावरून नजर न उचलता आधी एवढंच विचारलं असतंस, "तू पाह्यलं का?" हो, पाहिलं. म्हणून तर केली.

शाळेत जायला मी ज्या ऑटोत बसते, त्याचा चालक कितीतरी वर्षं एकच आहे. मी त्याला भैया म्हणते, तो मला मॅडम. त्या सकाळी राजघाटाकडे वळणाऱ्या रस्त्यावर केळीचा एक ट्रक मागे घेत होते आणि सगळी वाहतूक अडकली होती. आमच्यामागे पोलीस चौकीच्या दरोग्याची, म्हणजे फौजदाराची, गाडी, हॉर्नवर हॉर्न. पुढे ट्रक, बाजूला नाली, भैया जाणार कुठे? दरोगा उतरला, ऑटोपाशी आला आणि काही न विचारता त्याने भैयाच्या कानाखाली वाजवली. "सुनाई नहीं देता क्या?" एवढंच बोलला. मी दचकले, मांडीवरच्या मुलांच्या वह्या घसरल्या, त्या धरायला खाली वाकले, तेवढ्यात तसाच दुसरा आवाज आला. वर पाहिलं तर दरोगा गाडीकडे परत चालला होता आणि आजूबाजूचे सगळे ट्रककडे बघत होते. भैयाने मला शाळेपर्यंत सोडलं. उतरताना मी काहीतरी म्हटलं, तर मान वळवून म्हणाला, "मॅडम, इस तरफ से बोलिए." दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, कानाचा पडदा फाटलाय.

त्या दिवशी वर्गात माझं लक्ष लागेना. डोळ्यासमोर सारखं मिलच्या कॅन्टीनमधलं तुझं स्वयंपाकघर येत होतं. कागदाच्या लगद्याचा तो आंबट वास खिडकीतून आत येतोय, मोठ्या पातेल्यात वरण रटरटतंय, आणि शाळा सुटल्यावर मी कांद्याच्या पोत्यावर बसून तुझी सुट्टी व्हायची वाट बघतेय. एकदा मी धावत येते आणि सांगते की शेजारच्या मुलीने आपली वाळत घातलेली चादर चिखलात टाकली. "पाह्यलं का तू?" तू विचारतेस. नाही, पण तीच असणार, मी म्हणते. तुझ्या हातातला झारा थांबतो. "मंग 'असणार' कशाला सांगते? पाह्यलं तेवढंच बोलायचं. आणि पाह्यलं असलं तं मंग गप नाही बसायचं." चार बायकांसमोर बोललीस म्हणून मी किती रडले होते. जाताना तू मला गूळ-शेंगदाणे दिलेस, पण बोललेलं मागे घेतलं नाहीस.

आणि मग ती कॅन्टीनच्या ठेकेदाराची गोष्ट. भांडी घासणाऱ्या बाईवर त्याने तुरीची डाळ चोरल्याचा आळ घेतला, तेव्हा बाकीच्या बायका माना खाली घालून भाजी चिरत राहिल्या. डाळ त्याच्याच माणसाने उचलून नेताना तू पाहिलं होतंस. तू हात धुतलेस, पदर खोचलास आणि सरळ ऑफिसात जाऊन सांगून आलीस. त्या बाईची नोकरी राहिली. तुला मात्र ठेकेदाराने चुलीवरून काढून भांड्यांच्या हौदावर बसवलं, अख्खा हिवाळा. तुझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. घरी येऊन तू त्यांना तेल चोळायचीस आणि आम्हाला गणितं घालायचीस.

मी भैयाला म्हटलं, आपण तक्रार करू. तो हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "मॅडम, आप तो लिखके घर चली जाओगी. मेरेको तो इसी रोड पे ऑटो चलानी है. रोज उसी चौकी के सामने से." तुम्ही हो म्हणाल तेव्हाच लिहीन, एवढंच मी सांगितलं. घरी हे म्हणाले, त्याला नको आहे तर तुला कशाला हवंय? मी म्हटलं, त्याला नको नाहीये, त्याला भीती वाटतेय, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मग एका दुपारी भैयाची बायको शाळेच्या फाटकाशी आली. जसोंडीकडची आहे, केळीच्या बागेत कामाला जाते, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग होते. म्हणाली, "मॅडम, धाकटी मागून पप्पा पप्पा करते अन् ह्यांना ऐकूच येत नाही. ती म्हणते, पप्पा माझ्यावर गुस्सा आहेत का? तुम्ही लिहा. हे सही करतील, मी बोलली त्यांना." शेजारचे वकीलसाहेब अर्ज बघून म्हणाले, यात दम नाही. शिव्या घाला, चार-पाच थपडा घाला, डंडा घाला. मी नाही घातलं. एक थप्पड मी डोळ्यांनी पाहिली, दुसरीचा आवाज ऐकला, असंच लिहिलं. खाली भैयाची सही, माझी सही.

एसपी ऑफिसातला बाबू म्हणाला, "रख जाइए, देख लेंगे." मी म्हटलं, पोच द्या. साहेब मीटिंगमध्ये आहेत, म्हणाला. मी समोरच्या बाकावर बसले. तो जेवून आला तरी मी तिथेच. शेवटी त्याने कंटाळून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला आणि म्हणाला, "टीचर हो ना आप? तभी." काय तभी, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर चौकीचा एक हवालदार घरी आला. चहा घेतला, घराची तारीफ केली, आणि जाताना सहज म्हणाला, "बिटिया की सरकारी नौकरी लगी है ना? पुलिस वेरिफिकेशन तो यहीं आएगा." आई, ते वाक्य असं बोलला की त्यात धमकी दाखवताच येणार नाही. मी मुलीला इंदोरला फोन केला आणि सगळं सांगितलं, कारण नोकरी तिची होती. ती म्हणाली, "मम्मी, रुका तो रुका. आत्ता तू कंप्लेंट वापस घेतली ना, तर मी त्या खुर्चीवर बसून काय करू?" तुझी नात आहे. मी हवालदाराचं ते बोलणंही दुसऱ्या अर्जात लिहून एसपी ऑफिसात देऊन आले, जसंच्या तसं, माझा अंदाज न जोडता.

चौकशीला बोलावलं तेव्हा दरोगा समोरच खुर्चीत बसला होता. चौकशी करणारे साहेब वयस्क, तुटक बोलणारे. दरोग्यानेच मला विचारलं, "मॅडम, दूसरा थप्पड़ आपने देखा?" त्याला वाटलं, मी हो म्हणेन आणि मग तो वह्यांचं काढील, कारण मी वाकले होते ते त्याने पाहिलं होतं. मी म्हटलं, "नहीं देखा. सुना. लिखा भी यही है." साहेबांनी अर्ज उचलून पुन्हा वाचला. चष्मा काढला आणि दरोग्याला विचारलं, "और पहला?" तो छताकडे बघू लागला. त्यानंतर साहेबांनी नाक्यावरच्या फळवाल्याला पुन्हा बोलावलं. आधी काहीच पाहिलं नाही म्हणणारा तो माणूस या वेळी म्हणाला, दोन्ही पाहिल्या.

दरोग्याला चौकीवरून हलवलं, एक वेतनवाढ रोखली. बस, एवढंच. काही जण म्हणाले, यात काय मिळालं? भैयाचा डावा कान अर्धाच राहिला, तो काही परत आला नाही. मुलीचं व्हेरिफिकेशन बरेच दिवस रखडलं, पण झालं. भैया अजून त्याच रस्त्याने ऑटो चालवतो, चौकीसमोरूनही. मी आता उजवीकडे बसते, म्हणजे आम्हाला बोलता येतं. परवा त्याने मला विचारलं की त्याच्या ओळखीच्या एका भाजीवालीला असंच लिहून द्याल का. मी म्हटलं, तिला आणा, आधी तिचं ऐकू.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, मला माहीत आहे. मिलच्या क्वार्टरात आता दुसरं कुणी राहतं. भैयाच्या बायकोने मला विचारलं होतं, "मॅडम, तुम्हाला भीती नाही वाटली?" मी नाही म्हटलं, कारण तिला तेच ऐकायचं होतं. तुला खरं सांगते. चौकशीच्या खोलीत मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, थरथर दिसू नये म्हणून. आणि तू मिलच्या ऑफिसात जाऊन आलीस त्या दिवशी तुलाही असंच झालं होतं का, हे मी तुला कधी विचारलंच नाही.