भूपात मंगली वर्ज्य

शनिवार, १ नोव्हेंबर. तिरोडा.
संगीताचे शास्त्र मुलांना रुक्ष वाटते, याला मुले नव्हे तर शिकवणारे जबाबदार आहेत, हे माझे मत आज पक्के झाले. माझ्या रविवारच्या पेटीवर्गात उद्यापासून थिअरी पाठ करायची नाही, खेळायची. प्रत्येक मूल एक स्वर होईल. (शास्त्राच्या पेपरात मी केंद्रात पहिली आले होते. प्रॅक्टिकलच्या गुणांचा येथे संबंध नाही.)

रविवार, २ नोव्हेंबर.
प्रयोग अपेक्षेपेक्षा यशस्वी. गुंजनला ग आणि मंगलीला म मिळाला, आद्याक्षरेच जुळली. दुर्गेशला ध, टीनाला नी. मुले चारच, म्हणून रे आणि प यांच्या जागी खुर्च्या. सा मी स्वतः.
भूप राग घेतला. त्यात म आणि नी वर्ज्य, म्हणजे हे दोन स्वर त्या रागात घेतच नाहीत; म्हणून मंगली आणि टीना रांगेबाहेर. टीना तत्काळ चिवडा खाऊ लागली. मंगलीने मात्र विचारले, "मले काऊन काढलं मॅडम? खुर्च्या त हायेत अजून." खुर्च्या वर्ज्य नाहीत, असे मी सांगितले. शास्त्रदृष्ट्या उत्तर निर्दोष होते.
बाहेर बसल्या बसल्या तिने पेटीचा भाता हलवून एक पट्टी दाबली. आधी शास्त्र, मग पेटी, अशी समज देऊन मी पेटीवर खोळ चढवली. मंगली नंतर त्या खोळीकडेच बघत बसली. एकाग्र झाली असावी.

रविवार, ९ नोव्हेंबर.
मंगली गैरहजर. गुंजनने निरोप सांगितला, "ते म्हणते, मले त काढलंच हाय, मंग कायले येऊ?"
हजेरीत तिच्या नावापुढची जागा मी कोरीच ठेवली. तथापि उपाय शास्त्रातच सापडला. आजपासून दुर्गा राग. त्यात म सन्मानाने आहे! दुर्दैवाने ग आणि नी वर्ज्य. गुंजन उठता उठता म्हणाली, "तुमी काऊन कधीच बाहेर नाही जात?" षड्ज, म्हणजे सा, कोणत्याही रागात वर्ज्य नसतो, हे मी फळ्यावर लिहून दाखवले. दुर्गेश म्हणाला, "मॅडमनं सीट पकडून ठेवली हाय." फळा पुसायच्या निमित्ताने मी पाठ फिरवली. टीनाचा चिवडा दुसऱ्यांदा.
गुरुवारी बोदलकसाजवळ मंगलीच्या गावी जाऊन माफी मागायची. निश्चित.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.
गेले नाही. धानाची कापणी चालू असताना कोणाच्या दारी जाणे अप्रशस्त. हा संकोच नव्हे. विचारपूर्वक केलेला विलंब आहे. माफीचा मसुदा मात्र सिद्ध झाला आहे. त्यात दोन तळटीपाही आहेत.

शनिवार, १५ नोव्हेंबर.
बाजारात मंगलीचे वडील फागूभाऊ दिसले. मी फुलकोबीच्या ढिगाआड वाकले. कोबीवाली मोठ्याने ओरडली, "ओ बाई, घेता का लपता?" फागूभाऊ वळले. म्हणाले, "नमस्ते मॅडम. पोरगी क्लासले येऊन नाही राहिली. काही सांगत बी नाही. तुमाले मालूम हाय का?"
हीच संधी होती. मी म्हणाले, "थंडी वाढली आहे. प्रकृतीला जपा."
कोबी विकत घ्यावी लागली.

रविवार, २३ नोव्हेंबर.
टेस्ट घेतली. प्रश्न पहिला: भूप रागातील वर्ज्य स्वर लिहा.
गुंजन: मंगली आणि टीना. दुर्गेश: मंगली व टीना. टीना: मंगली आणि मी.
खेळातून शिकलेले विसरले जात नाही, हे माझे प्रतिपादन पूर्णपणे सिद्ध झाले. उत्तरपत्रिका मी टेबलावर पालथ्या ठेवल्या. गुण मी कोणालाच दिले नाहीत. कापतही आले नाहीत.
उद्या जाते.

सोमवार, २४ नोव्हेंबर.
गेले. मंगली अंगणात धान वाळत घालत होती. "या ना मॅडम," म्हणून तिने खाट पुढे ओढली. मसुदा हातात होता. मी 'वर्ज्य ही केवळ शास्त्रीय संज्ञा असून' येथपर्यंत पोहोचले.
"ते मले समजलं," ती म्हणाली. "खेळात काढलं, त काढलं. मंग पेटीजवळ बसली, त तिथूनबी काढलं. मी तुमच्याइथं पेटी शिकाले येत होती ना?"
मी मसुद्याची घडी घातली. पुन्हा वर्गाला येशील का, असे विचारले.
ती म्हणाली, भजनमंडळाचे दुलीचंदकाका तिला रोज पेटी वाजवू देतात. चुकली तर हसतात, पण हात धरत नाहीत. "तुमी बी येजा मॅडम. तुमालेबी वाजवाले देतीन."
तिने हे अगदी मनापासून सांगितले. तेच सहन होईना. मी उठले, म्हणाले, "अभ्यास कर," आणि रस्त्याला लागले.
बसमध्ये बसल्यावर लक्षात आले, की माफी हा शब्द मी उच्चारलाच नाही.