लग्न झालेल्या मुली सोडून

२१ डिसेंबर २००४, जालना

काल दिल्लीत बिल मांडलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलींनाही मुलांइतका हिस्सा! आणि खाली एक ओळ — आधीच लग्न झालेल्या मुली सोडून. वाटलंच होतं! चौऱ्याण्णवला राज्याच्या कायद्यातही हेच होतं. मी मेली नीट न वाचताच पेढे वाटून बसले. माझं लग्न आण्णांनी एकाहत्तरलाच लावून दिलेलं.

१४ मे २००५

संसदेची समिती म्हणते, ती ओळ काढा. विश्वास ठेवू का?

औरंगाबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट फळ्यावर शिडी काढायच्या. आधी बिल मांडायचं, समितीनं तपासायचं, एका सभागृहानं मंजूर करायचं, मग दुसऱ्यानं, शेवटी राष्ट्रपतींची सही. मी विचारलं होतं, मध्येच पडलं तर? "तर खालून पुन्हा, बाळ." किती गोड हसायच्या!

१७ ऑगस्ट

काल राज्यसभेत मंजूर — ती ओळ काढून! आणि आज वाटूरहून भावाचा फोन. "अक्का, यंदा राखीला तू येऊ नको. मीच येऊन राह्यलो." चौतीस वर्षं मीच जाते. बद्रीला आत्ताच कशी आठवण झाली?

१९ ऑगस्ट

आला. साडी आणली, फॉलसुद्धा लावून. सोबत तातेराव — रजिस्ट्री ऑफिसबाहेर बसून कागद लिहितात ते. राखी बांधली, ओवाळलं, आणि बद्रीनं तबकात साडीवर कागद ठेवला. हक्कसोडीचा. आमच्याकडे सगळ्या बहिणी देतात करून. साडीचोळी घ्यायची, सही करायची, की माहेर शाबूत.

"आण्णा थकले, अक्का. त्यांच्या माघारी कटकट नको."

"लोकसभेत काय होतंय ते बघू. मग बोलू."

"दिवाळीला तुला न्यायला लोकसभा मूळ धाडणार हाय का?"

तातेराव फिस्सकन हसले. आमचे हे पेपरात तोंड घालून — "तुमचं बहीणभावाचं तुम्ही बघा."

बद्री चहा न घेताच उठला. दारात मनगटावरची राखी सारखी करत क्षणभर थांबला. सुट्टीत घरी आले की याच मनगटाला धरून मी त्याच्याकडून अ-आ गिरवून घ्यायची. तो गेल्यावर खूप रडले. पण सही केली नाही.

३० ऑगस्ट

काल लोकसभेतही मंजूर. बद्रीचा फोन नाही.

९ सप्टेंबर

सोमवारी राष्ट्रपतींची सही झाली. आजपासून कायदा लागू. तरी वकील उषाबाईंना दोनदा विचारलं, कुठे काही बारीक अक्षरात? त्या वैतागल्या. "ताई, आता काय छापखान्यावर संशय घेता का?"

माझा हिस्सा. आण्णांच्या जमिनीत, माझा! हे वाक्य लिहून पुन्हा पुन्हा वाचतेय.

११ सप्टेंबर

महालक्ष्म्यांसाठी नणंद आल्यात, दुर्गाबाई. वडीगोद्रीची आमची वीस एकर अजून माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्याच नावावर आहे. स्वयंपाकघरात माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. लेकीच्या हिश्श्याचं म्हणतात ते खरं हाय का?"

मी म्हटलं — अजून राष्ट्रपतींची सही व्हायचीय, वन्सं.