दारावरचं नवं

कापडे, ता. पोलादपूर
२२ एप्रिल २०२५

चि. निशिगंधास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू आणि मी दोघेही ओरडतो आणि मग तुझी आई माझ्याशी दोन दिवस धड बोलत नाही, म्हणून हे पत्र. तुझी प्रकृती बरी असेल. आईने आमसुलं आणि कुळथाचं पीठ तुझ्यासाठी काढून ठेवलं आहे.

आता मुद्द्याचं. वरचा माळ विकायचं मी नक्की केलं आहे. आजोबांनी तो तुझ्या-माझ्या नावावर ठेवला, म्हणून तुझी सही लागते. गिऱ्हाईक मुंबईचं आहे, तिथे बंगले बांधणार आहे. मेअखेर त्याला कागद हवेत. माळाच्याही वर डोंगरात असलेल्या वाडीची माणसं त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या नाचणी पिकवतात, हे तू सांगणारच. पण दर दसऱ्याला तिथली पहिली कणसं, आपलं नवं, ती माणसं स्वतः आणून आपल्या दारावर बांधायची. माळ कुणाचा, ते त्यात आलं. गेल्या दसऱ्याला कुणी फिरकलं नाही. मी आंघोळ करून, पाट मांडून वाट बघत बसलो आणि सगळ्या आळीने ते पाहिलं. ज्यांना मी नको, त्यांच्यासाठी मी माळ कशाला राखू?

सहीला ये. माया आहे, रागाखाली झाकली गेली तरी आहे.

तुझा बाबा,
अनिल


पुणे
२९ एप्रिल २०२५

ती. बाबांस, निशिगंधाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर बघूनच आवाज ऐकू आला. मी सही करणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल, किंवा वाचणारच नाही.

चार वर्षं मी तत्त्वज्ञानात एकाच प्रश्नावर प्रबंध लिहिते आहे. जमीन माझी असं म्हणायचा अधिकार माणसाला कशाने मिळतो? कायदा म्हणतो, कागदाने. माझं म्हणणं असं, की ज्याला जीव वाचवायला दुसरी जागाच नाही, त्याचा हक्क कागदाच्याही आधी येतो. हे तिकडे लिहायचं आणि घरी येऊन सही ठोकायची, हे मला जमणार नाही.

वाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग गेली आहे. सरकारी माणसं पाहून, पावसाआधी हला असं सांगून गेली, हे तुम्हीच मला सांगितलंत. त्यांनी हलायचं कुठे? जवळपास सपाट आणि धोक्याबाहेरचा एवढा एक माळच आहे. तळीये गाव दरडीखाली गेल्याची बातमी आली तेव्हा तुम्हाला घास गिळवत नव्हता, बाबा. मला आठवतं.

आईला नमस्कार. राग कितीही करा, पण मला परकी करू नका.

आपली,
निशिगंधा


कापडे
७ मे २०२५

चि. निशिगंधास आशीर्वाद.

पीएच.डी. व्हायच्या आधीच वकील झालीस. जी विकता येत नाही ती मालकी कसली, हेही तुझ्या प्रबंधात घाल.

काल बाजारात चांगू भेटला. मी वाडीतल्या या थोरल्या माणसाशी दसऱ्यापासून बोललो नव्हतो. त्याने आपणहून सांगितलं, नवं का थांबलं ते. गेल्या श्रावणात तू अभ्यासासाठी वाडीवर गेली होतीस. त्याचा मुलगा सुनील, मुंबई सोडून आलेला, त्याला तू विचारलंस म्हणे, की नवं नेऊन देता म्हणजे माळ आमचा आहे हे कबूल करता का. मग त्याने घरोघर सांगितलं, की ताई येवढी शिकलेली हाय, उगाच पुसायची नाय, ह्यात कायतरी पेच हाय, यंदा नवं न्यायचं नाय. चांगू म्हणाला, की आमी कंदी असा इचारच केला नव्हता.

मी तरी कुठे केला होता? दारावर नवं आलं की सण झाला, एवढंच मला ठाऊक. माळ कुणाचा हा विचार मी ते आलं नाही तेव्हा करायला लागलो. तुझ्या एका प्रश्नाने दोन घरं तुटली. आता वाडीवाले म्हणतात, डोंगर खाली आला तरी चालंल, पन अनिलदादाच्या माळावर पाय ठेवनार नाय. घे, हा तुझ्या नीतिशास्त्राचा निकाल.

कागद तयार आहे. माझा जीव तुझ्यावर नाही असं समजू नकोस, पण सध्या त्याची परीक्षा बघू नकोस.

तुझा बाबा


पुणे
१४ मे २०२५

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून एक ओळ लिहून झालेली नाही. सुनीलला फोन केला. मी वाडीवर येते म्हटलं, तर तो म्हणाला, की ताई, आता तू नको येऊ, तू काय पुसशील आन लोक काय समजतील. तो रागावला नव्हता, त्याचंच जास्त लागलं.

प्रश्न खोटा नव्हता, बाबा. पण तो विचारून मी पुण्याला निघून आले आणि तुम्ही सगळे त्याच्यासोबत तिथे राहिलात. यंदा पाऊस लवकर म्हणतात. मी भीक मागते असं समजा. वाडीवर तुम्ही जा. तुमचं ते ऐकतील. सही मात्र मी करणार नाहीच.

भांडण चालू ठेवा, पण पत्र थांबवू नका.

निशिगंधा


कापडे
३० मे २०२५

चि. निशिगंधास आशीर्वाद.

मेमध्येच पावसाने असा जोर धरला आहे, की ओढा रस्त्यावर आला. सोमवारी तुझ्या आईने मला छत्री हातात दिली आणि वाडीवर जाऊन आल्याशिवाय जेवायला वाढणार नाही असं सांगितलं. गेलो.

जाताना दारावरचं, गेल्याच्या आधल्या दसऱ्याचं नवं काढून सदऱ्याच्या आत घेतलं. नवीन येईपर्यंत जुनं उतरवायचं नसतं, म्हणून ते तसंच राहिलं होतं. भेग आता हात जाईल एवढी झाली आहे. चांगूच्या पडवीत ती वाळकी कणसं ठेवली आणि म्हटलं, की हे मी अजून उतरवलं नव्हतं, चला खाली. सुनील म्हणाला, की पावसानंतर हाकलनार नाय असा शबूद द्या. मी दिला नाही. खोटं कशाला बोलू, माझ्याच मनाचं ठरलेलं नव्हतं. चांगूने कणसांकडे पाहिलं, मग उठून गाय सोडली. त्याच्यामागून सगळी वाडी उतरली. माळावर पत्र्याच्या शेड्या उभ्या राहिल्या आहेत.

गिऱ्हाईक रोज फोन करतं. कागद अजून माझ्या कपाटात आहे. भलता समज करून घेऊ नकोस. पावसात फिरू नकोस, एवढं तरी माझं ऐक.

तुझा बाबा


कापडे
३ ऑक्टोबर २०२५

चि. निशिगंधास अनेक उत्तम आशीर्वाद.

चांगूचा गोठा जुलैत दरडीखाली गेला, ते आईने तुला कळवलंच. काल दसरा झाला. मी पाट मांडला नव्हता. पुन्हा तमाशा नको, म्हणून मागच्या दारी बसलो होतो.

चांगूची बायको ठकूबाई आली, मागे सगळी वाडी. शेड्यांच्या कडेने जेवढी जागा उरली तेवढ्यात त्यांनी नाचणी लावली होती. तिची कणसं ओच्यात होती. एरवी ती सरळ ओटीवर यायची. काल अंगणातच थांबली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, की ताईनं पुसलेलं त्याचा जबाब आनलाय. ह्यो माळ आमचा हाय आन ह्यं नवं तुमच्या दारासाठी हाय. तसं समजून घेनार असाल तर घ्या, नायतर मी परत नेते.

मला राग आला. खरंच सांगतो, माझ्याच अंगणात मला असं ऐकवते म्हणून फार राग आला. मग मी दाराकडे पाहिलं. मेपासून तिथे काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी ते नवं कुणाशी तरी बोलता बोलता एका हाताने घेऊन त्यांनाच बांधायला देत आलो. काल दोन्ही हातांनी घेतलं, स्टुलावर चढलो आणि स्वतः बांधलं. मी काय समजून बांधलं ते सगळ्यांना कळलं. खाली उतरलो तर सुनील स्टूल धरून उभा होता.

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. आता माळ वाडीच्या नावावर कसा करायचा, ते महाडला वकिलाकडे विचारून आलो. त्यालाही तुझी सही लागते. या वेळी तरी बापाचं ऐक आणि सहीला ये.

वाट पाहतो आहे. येताना लोभ घेऊन ये, प्रश्न थोडे पुण्यात ठेव.

तुझा बाबा,
अनिल